मुलगा की मुलगी? विचारा नेटीला!

तिसरीही मुलगीच झाली म्हणून सुनेला टोमणे मारणारं घर तुमच्याही पाहण्यात असेल. तिथे नेटी स्टीव्हन्सची गोष्ट जरूर सांगा.

अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये १८६१ साली जन्मलेली ही सुताराची मुलगी. शिक्षिकेची नोकरी करून तिने पै-पै साठवली आणि पस्तिशीत स्टॅनफर्डला प्रवेश घेतला. ‘आता कसलं शिकतेस’ म्हणतात ना, त्या वयात! १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून पीएचडी झाली. मग मायक्रोस्कोपखाली पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासत बसली. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक चिमुकलं. नराच्या निम्म्या शुक्राणूंत हे चिमुकलं असतं. तो शुक्राणू फळला की नर, नाहीतर मादी. १९०५ मध्ये तिने हे छापलं. तेच आपलं ‘वाय’ गुणसूत्र! माणसातही आईकडून ‘एक्स’च येतं, ‘वाय’ येतं ते बापाकडून. अर्थात, कोणतं द्यायचं हे त्याच्याही हातात नसतं.

श्रेय बराच काळ इतरांनाच मिळालं. १९१२ मध्ये, वयाच्या ५०व्या वर्षी, कॅन्सरने नेटी गेली. टोमणे मात्र अजून चालूच आहेत. पुढच्या वेळी ऐकलेत, तर गप्प बसू नका.