तंजावरचे सरफोजी राजे

आज चेन्नई शहराचा एक गजबजलेला भाग असलेले वेलचेरी दोनशे वर्षांपूर्वी शहराबाहेरचे, मोठ्या तळ्याकाठी वसलेले खेडे होते. चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. त्या मद्रासमध्ये १७९३ साली पंधरा-सोळा वर्षांचा एक मराठी राजपुत्र राहावयास आला. स्वतःच्या राज्यात त्याच्या जिवाची शाश्वती उरली नव्हती. पुढे सरफोजी राजे (दुसरे) या नावाने जे प्रसिद्धीस आले, ते हेच.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावर येथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले. त्याच घराण्यातील तुळजाजी राजांनी १७८७ साली सरफोजींना दत्तक घेतले. सरफोजींचा जन्म १७७७ चा. म्हणजे त्या वेळी ते जेमतेम दहा वर्षांचे होते. लगेचच तुळजाजींचे निधन झाले आणि त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्या हाती सत्ता गेली. अमरसिंहांनी या मुलाला नजरकैदेत ठेवले. शिकण्याच्या वयात त्याला शिक्षकही मिळू दिला नाही. तुळजाजींनी मुलाचा सांभाळ ज्यांच्यावर सोपविला होता, ते श्वार्ट्झ नावाचे जर्मन धर्मोपदेशक इंग्रजांकडे सतत दाद मागत राहिले. अखेर सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले.

तेथे सरफोजींचे खरे शिक्षण सुरू झाले. बरोबरीची मुले बरीच पुढे गेली होती. तरीही त्यांनी संकोच केला नाही. ते इंग्रजी शिकले. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत या भाषांचा अभ्यास त्यांनी केला आणि युरोपातील आणखी काही भाषांशीही परिचय करून घेतला. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले. त्यांच्या समाधीच्या शिळेसाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजीत कविता रचली.

त्याच वर्षी जूनमध्ये ते गादीवर बसले. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याकडे घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला, दरसाल एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. बावीस वर्षांच्या त्या राजाला ना सैन्य हलवावयाचे होते, ना कर वसूल करावयाचा होता. अशा स्थितीत अनेक संस्थानिक शिकारीत आणि मेजवान्यांत आयुष्य घालवीत. सरफोजी दुसऱ्याच वाटेला लागले.

वैद्यक हा काही राजाचा व्यवसाय नव्हे. तरी सरफोजींनी त्यात लक्ष घातले. मानवी हाडांचा सांगाडा राजवाड्यात ठेवणे रूढीला मान्य नव्हते, म्हणून त्यांनी शरीररचना शिकण्यासाठी कृत्रिम सांगाडा मागविला. 'धन्वंतरी महाल' उभारून तेथे देशी व पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र आणले. माणसांप्रमाणेच जनावरांसाठीही तेथे औषधे तयार होत. अनुभवास उतरलेली औषधे तमिळ पद्यांत नोंदवून ठेवण्यात आली. डोळ्यांच्या रोगांकडे राजांचे विशेष लक्ष होते. रुग्णाची तक्रार, दिलेले औषध, केलेली शस्त्रक्रिया आणि पडलेला फरक यांच्या नोंदी लिहिल्या जात व सोबत रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढली जात. हे कागद आजही तंजावरला जपून ठेवलेले आहेत.

१८०५ साली त्यांनी देवनागरी छापखाना काढला. मुंबईत मराठी पुस्तकांची छपाई नियमित सुरू झाली ती १८२० नंतर, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. इसापच्या गोष्टींचा 'बालबोधमुक्तावली' हा मराठी अनुवाद तंजावरच्या या छापखान्यात छापला गेला. मुलांना नवे ज्ञान मिळावे म्हणून राजांनी शाळाही चालविल्या. भूगोल शिकविण्याची त्यांची युक्ती तर मोठी गमतीची होती. भविष्य सांगणारी डोंगरातली स्त्री हे दक्षिणेकडील नाट्यप्रकारातले लोकप्रिय पात्र. सरफोजींनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले आणि जगाच्या भूगोलाची माहिती तिच्याच तोंडी घातली! दरबारच्या संगीतात त्यांनी पाश्चात्त्य वाद्यांना जागा दिली. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, तोही त्यांनीच.

सर्वांत अधिक प्रेम त्यांनी ग्रंथांवर केले. तंजावरचा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. सरफोजींनी तो कितीतरी पटींनी वाढविला. १८२० च्या सुमारास ते मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस गेले, तेव्हा तेथूनही पुष्कळ हस्तलिखिते घेऊन आले. युरोपातून छापील पुस्तके व नकाशे मागविण्याचा क्रम तर चालूच होता.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली पुरुष वारसावाचून वारल्यानंतर इंग्रजांनी तंजावरचे संस्थान खालसा केले. ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ साली ते सर्वांसाठी खुले झाले आणि आज ते सरफोजींच्याच नावाने 'सरस्वती महाल ग्रंथालय' म्हणून ओळखले जाते. तेथील अनेक युरोपीय पुस्तकांवर सरफोजी राजांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत केलेली सही पाहावयास मिळते.