महामार्गाचे गीत लिहिणारा कलावंत : लॉवेल जॉर्ज

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील वाळवंटी रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक चालवणाऱ्या एका चालकाचे मनोगत सांगणारे ‘विलिन्’ हे गीत गेली पाच दशके गायिले जात आहे. हे शीर्षक म्हणजे ‘राजी’ किंवा ‘तयार’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे बोलीरूप. कंट्री आणि रॉक या दोन शैलींच्या संगमातून जन्मलेल्या या गीताचे कर्ते, गायक व गिटारवादक लॉवेल जॉर्ज यांचे २९ जून १९७९ रोजी वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी निधन झाले. गीत दीर्घायुषी ठरले. गीतकार मात्र अल्पायुषी.

जॉर्ज यांचा जन्म १३ एप्रिल १९४५ रोजी हॉलिवूडमध्ये झाला. वडील चित्रपटसृष्टीला फरची वस्त्रे पुरवणारे व्यावसायिक होते. वयाच्या सहाव्या वर्षी थोरल्या भावासह माउथ ऑर्गन वाजवत लॉवेल दूरचित्रवाणीवरील हौशी कलाकारांच्या कार्यक्रमात झळकले. हॉलिवूड हायस्कूलच्या वाद्यवृंदात त्यांनी बासरी वाजवली. पुढे गिटार, सॅक्सोफोन, जपानी बासरी शाकुहाची आणि भारतीय सतार या वाद्यांचाही अभ्यास केला.

१९६३ मध्ये शालेय शिक्षण संपल्यावर महाविद्यालयात कलेचा अभ्यास करतानाच त्यांनी उदरनिर्वाहासाठी काही काळ पेट्रोल पंपावर काम केले. त्या दिवसांची शिदोरी पुढे ‘विलिन्’मध्ये उतरली. गीतातील चालक पाऊस, बर्फ आणि वारा झेलत आला आहे. वजनकाटा चुकवण्यासाठी तो आडरस्ते धरतो, मेक्सिकोच्या सीमेवरून चोरटी वाहतूक केल्याची कबुली देतो आणि टूसॉन, टुकमकारी, टेहाचापी, टोनोपा अशी दूरदूरची गावे जोडत जातो. जागे राहण्यासाठी गोळ्या, जोडीला गांजा आणि मद्य मिळाले, की पुढच्या फेरीस तो राजी असतो. लांब पल्ल्याच्या चालकांमध्ये झोप उडवणाऱ्या उत्तेजक गोळ्यांचा वापर त्या काळी सर्रास होता. जॉर्ज यांनी त्या चालकाला ना नायक केले, ना गुन्हेगार. थकलेल्या माणसाचा चिवटपणा आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत त्यांनी एकाच सुरात मांडली.

१९६८ च्या अखेरीस ते फ्रँक झापा यांच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदात दाखल झाले. परंतु काही महिन्यांतच बाहेर पडले. त्यामागील कारणाविषयी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. अमली पदार्थांचे वावडे असलेल्या झापांना या गीतातील उल्लेख रुचले नाहीत, ही त्यांपैकी एक. तर एवढ्या गुणी कलावंताने स्वतःचा वाद्यवृंद उभारावा असे झापांना वाटले, ही दुसरी. १९६९ मध्ये जॉर्ज यांनी बिल पेन, रिची हेवर्ड आणि रॉय एस्ट्राडा यांच्यासह ‘लिटल फीट’ स्थापन केले.

या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७१ च्या आरंभी आली. त्याआधीच, १९७० मध्ये, गायक जॉनी डॅरेल आणि ‘सीट्रेन’ या वाद्यवृंदाने ‘विलिन्’ ध्वनिमुद्रित केले होते. ‘द बर्ड्स’नेही ते त्याच सुमारास गायिले, मात्र त्यांचे मुद्रण पुढे बरीच वर्षे अप्रकाशित राहिले. लिटल फीटच्या पहिल्या मुद्रणाच्या वेळी खेळण्यातील विमानामुळे जॉर्ज यांच्या हाताला दुखापत झाली होती, म्हणून गिटारची साथ राय कूडर यांनी केली. १९७२ च्या ‘सेलिन् शूज’मध्ये जॉर्ज यांनी हे गीत पुन्हा, अधिक संथ लयीत आणि भरगच्च साथीसह गायिले. आज सर्वाधिक परिचित आहे ते हेच रूप. तारांवर घसरणाऱ्या दीर्घ स्वरांसाठी जॉर्ज यांची ख्याती होती आणि त्यासाठी ते मोटारीचा स्पार्क प्लग खोलण्याचे सॉकेट बोटात घालून वाजवत.

समीक्षकांची दाद मिळूनही जॉर्ज यांच्या हयातीत लिटल फीटला विक्रीचे मोठे यश देणारे एकही गीत लाभले नाही. ‘विलिन्’ लक्षावधी घरांत पोहोचले ते लिंडा रॉन्स्टॅड यांच्या आवाजात. त्यांच्या १९७४ च्या ‘हार्ट लाइक अ व्हील’ या ध्वनिमुद्रिकेने पुढच्या वर्षी अमेरिकेच्या विक्रीयादीत अग्रस्थान पटकावले. पुरुष ट्रकचालकाची कहाणी स्त्रीच्या स्वच्छ, करुण स्वरात आल्याने तीतील एकाकीपणा अधिक गडद झाला. १९७५ मध्ये ‘कमांडर कोडी’ यांच्या वाद्यवृंदानेही ते मुद्रित केले.

जॉर्ज यांची स्वतःची वाटचाल मात्र गीतातील चालकासारखी होत गेली. सततचे दौरे, रात्र-रात्र चालणारे ध्वनिमुद्रण, अमली पदार्थांचे सेवन आणि वाढते वजन यांनी त्यांचे शरीर पोखरले. वाद्यवृंदाचा कल जॅझकडे झुकू लागला आणि सहकाऱ्यांशी त्यांचे अंतर वाढले. १९७८ च्या ‘वेटिंग फॉर कोलंबस’ या मैफलींच्या ध्वनिमुद्रिकेने उत्तम यश दिले. पण पुढच्याच वर्षी लिटल फीट विस्कटले. जॉर्ज आपल्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या प्रसारासाठी दौऱ्यावर निघाले. २८ जून रोजी वॉशिंग्टनच्या लिसनर सभागृहात त्यांची मैफल झाली. ‘वेटिंग फॉर कोलंबस’चा काही भाग याच सभागृहात मुद्रित झाला होता. दुसऱ्या दिवशी नजीकच्या आर्लिंग्टन येथील हॉटेलात हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांची रक्षा प्रशांत महासागरात विसर्जित करण्यात आली.

ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे जॉर्ज यांच्या कुटुंबीयांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत रॉन्स्टॅड यांच्यासह जॅक्सन ब्राउन, बॉनी रेट आणि एमिलू हॅरिस सहभागी झाले. लिटल फीट १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभे राहिले, तर कन्या इनारा जॉर्ज यांनी गायिका म्हणून स्वतंत्र ओळख निर्माण केली.

गायक ग्रेग ऑलमन मे २०१७ मध्ये निवर्तले. त्यानंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेतही ‘विलिन्’ होते. अंथरुणाला खिळण्याच्या वाटेवर असलेल्या त्या ज्येष्ठ गायकाच्या आवाजात, पुन्हा रस्त्यावर उतरण्याची चालकाची तयारी हा जणू शेवटचा निरोप वाटतो. विशीच्या मध्यात असताना जॉर्ज यांनी रचलेले हे गीत असे प्रत्येक गायकासोबत नवी मजल मारत राहिले. त्याच्या कर्त्याला मात्र त्या वाटेवर चारच दशके आधी थांबावे लागले.