रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांचे ‘दीनबंधु’ पत्र

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत प्रतिवर्षी समाजातील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले, तेव्हा कोणाचे चरित्र निवडावे याविषयी आम्हांस फारसा विचार करावा लागला नाही. प्रत्येक रविवारी औशातील शाळा-कचेऱ्यांची दारे बंद असतात, मुले अंगणात खेळत असतात व नोकरदार मंडळी घरची राहिलेली कामे उरकीत असतात. ही सुट्टी जणू सृष्टिक्रमानेच मिळालेली आहे असे आपण मानून चालतो. परंतु या देशातील गिरणीकामगाराला ती कोणी आपण होऊन दिली नाही. ती मिळविण्यासाठी ज्या एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले, तो आपल्याच फुलमाळी समाजात जन्मला होता, ही गोष्ट आपल्या तरुण पिढीतील किती जणांस ठाऊक आहे? म्हणून रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र येथे संक्षेपाने सादर करीत आहोत.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड भागाचे. घरची परिस्थिती गरिबीची असल्यामुळे शालेय शिक्षणापलीकडे त्यांस जाता आले नाही. काही काळ रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून पुढे ते मुंबईस मांडवी येथील एका गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. पोटासाठी पत्करलेल्या या नोकरीनेच त्यांच्या जीवितास दिशा दिली. गिरणीतील माणसांचे हाल त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. ते त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते.

ते हाल कसे होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. उजाडताच गिरणी सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत चालायची. दुपारच्या विसाव्याचा नियम नव्हता. महिन्याचा पगार कधी हाती पडेल याचा भरवसा नव्हता. यंत्रात हात सापडला तर त्या हाताबरोबर रोजीही जायची. आठवड्याची सुट्टी म्हणून काही नव्हतेच. आपल्या मुलखातील कित्येक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नसत. मुक्या जनावराला जो विसावा आपल्या वाडवडिलांनी दिला, तो गिरणीतील माणसाला मिळत नव्हता. १८८१ साली सरकारने कारखान्यांचा पहिला कायदा केला खरा. पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता होता, आणि सात वर्षांच्या मुलास गिरणीत घेण्यास त्यानेही मनाई केली नव्हती. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते.

नारायणरावांच्या मनावर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा ठसा उमटला होता. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली, आणि लवकरच नारायणराव त्या कार्यात सामील झाले. त्या काळी मराठीत वृत्तपत्रे नव्हती असे नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढल्यापासून चार दशके लोटली होती. परंतु लिहिणारा व वाचणारा वर्ग शहरांतील मूठभर सुशिक्षितांचा होता. शेतकरी, कारागीर व मजूर यांचे सुखदुःख छापील कागदावर येत नव्हते, आणि जे कागदावर येत नाही ते सरकारच्या लेखी व सुशिक्षितांच्या लेखी घडलेलेच नसते. ही उणीव ओळखून आपल्याच समाजातील कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यास ‘दीनबंधु’ पत्र सुरू केले. टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’चा जन्म यानंतर चार वर्षांनी, १८८१ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे भालेकरांच्या धाडसाची थोरवी कळते. पण वर्गणीदार गरीब, काळ दुष्काळाचा, आणि छापखाना खर्चाचा. पत्र चालविणे अशक्य झाले. अशा वेळी १८८० साली नारायणरावांनी ते मुंबईस आणून आपल्या शिरावर घेतले व मरेपर्यंत खाली ठेवले नाही.

येथे आम्हांस वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. नारायणरावांनी १८८४ साली ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ म्हणजे गिरणीकामगारांचा संघ उभा केला, म्हणून त्यांस भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात. परंतु या संघाला आपल्या संघासारखी सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, लिखित नियमही नव्हते; पुढे १८९२ च्या सरकारी अहवालात तशी स्पष्ट नोंद झाली. मग हजारो माणसे एकत्र आली कशी? आमच्या मते त्याचे उत्तर ‘दीनबंधु’त आहे. वृत्तपत्र हीच त्या संघाची नोंदवही, तीच त्याची कचेरी आणि तेच त्याचे व्यासपीठ होते. ज्यास वाचता येत होते त्याने वाचावे आणि भोवती बसलेल्या दहा जणांनी ऐकावे, अशी त्या काळी वृत्तपत्रे वाचण्याची रीत होती. एका गिरणीतील माणसाला वाटे की, आपले दुःख हे आपल्या कपाळीचे. तेच दुःख दुसऱ्या गिरणीतही आहे, तिसऱ्या गिरणीतही आहे, हे जेव्हा छापून आले, तेव्हा कपाळीचे दुःख सार्वजनिक गाऱ्हाणे झाले. कपाळाला उपाय नसतो, गाऱ्हाण्याला असतो.

१८८४ च्या सप्टेंबर महिन्यात सरकारी फॅक्टरी कमिशन मुंबईत चौकशी करीत असता परळ भागात कामगारांच्या सभा भरल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील मागण्या पाहाव्यात. सर्वांस रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताबरोबर थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्यास तो बरा होईपर्यंत वेतन मिळावे, आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. इतक्या साध्या मागण्यांसाठी सहा वर्षे झगडावे लागले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची विराट सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या नव्या कमिशनच्या कामात नारायणरावांचा सहभाग होता, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारच्या विसाव्याला कायद्याचे बळ मिळाले. स्त्रियांचे तास अकरावर आले, मुलांचे वय सातावरून नऊवर गेले. आजच्या दृष्टीने हे थोडे वाटेल. पण त्या दिवशी गिरणीतून घरी परतलेल्या आईला ते थोडे वाटले नसेल.

नारायणराव केवळ गिरणीपुरते पाहणारे नव्हते. विधवांचे केशवपन ही त्या काळची क्रूर रूढी. १८९० च्या सुमारास मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून हे काम आपण करणार नाही असा निर्धार केला. त्यामागे नारायणरावांची प्रेरणा होती. ज्या हाताने रूढी चालते तोच हात थांबविला तर रूढी थांबते, हे मर्म त्यांनी ओळखले होते. १८८२ साली टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगातून सुटले, तेव्हा विचारांचे अंतर बाजूस ठेवून त्यांच्या स्वागतात सत्यशोधक मंडळींनी पुढाकार घेतला व त्यांत नारायणराव होते. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांची भीषण दंगल झाली. अफवांनी माथी भडकलेली असता त्यांनी सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांस एकत्र आणले, राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, ऐक्यासाठी लोकांस जमविले. या कार्याबद्दल सरकारने त्यांस पुढे रावबहादूर हा किताब दिला.

थोरांचे चरित्र लिहिताना त्यांच्या उण्या बाजूवर पांघरूण घालावे, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. आम्ही तो येथे पाळणार नाही. कारण नारायणरावांची उंची त्याने कमी होत नाही. जोतीरावांनी १८८३ साली शेतकऱ्यांच्या दैन्यावर ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त प्रसिद्ध झाली; पुढची झाली नाहीत. मजकूर सरकारवर व नोकरशाहीवर फार प्रखर होता. देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा रद्द होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शिष्य कचरला, आणि गुरूने आपली नाराजी लपविली नाही. आम्हांस वाटते, येथे गुरूचेच बरोबर होते. परंतु पत्र बंद पडले तर हजारो मुक्या माणसांचे तोंड बंद होईल, ही संपादकाची भीतीही खोटी नव्हती. पत्र जगविण्यासाठी किती गप्प राहावे आणि किती गप्प राहिले म्हणजे पत्र जगूनही मेल्यासारखे होते, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक संपादकापुढे उभा आहे. विशेष हे की, या मतभेदाने गुरुशिष्यांचे कार्य तुटले नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईकरांनी जोतीरावांचा सत्कार करून त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली, तेव्हाही नारायणराव त्यांच्याच पक्षात होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. मांडवीतच तो प्रथम दिसला, जेथे नारायणरावांची नोकरी होऊन गेली होती. ज्यांस शहर सोडणे शक्य होते ते पळाले. गिरणीकामगार मागे राहिले आणि त्यांच्याबरोबर नारायणरावही राहिले. रोग्यांच्या सेवेत असतानाच प्लेगने त्यांस गाठले व ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत देह ठेवला. ‘दीनबंधु’ मात्र थांबले नाही. वासुदेवराव बिर्जे यांनी ते पुढे चालविले, व त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी १९१२ पर्यंत संपादनाची धुरा वाहिली. स्त्रीने पत्राचे संपादन करावे हे ज्या काळी कोणाच्या स्वप्नीही नव्हते, त्या काळची ही गोष्ट आहे. भारत सरकारने २००५ साली नारायणरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, आणि मुंबईत परळ येथील कामगारविषयक अभ्यास संस्थेस त्यांचे नाव आहे.

औसेकरांस या चरित्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्या काळी आपले औसे निजामाच्या राज्यात होते. कारभाराची भाषा वेगळी, सभेला परवानगी हवी, वृत्तपत्राला तर त्याहून मोठी. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते आपल्या भूमीत नव्हे, तर पुण्यास; आणि त्यावर बंदी आली की ते नाव पालटून पुन्हा निघे. ज्या मुलखाचे गाऱ्हाणे छापण्यासाठी परमुलखात जावे लागते, तेथे वृत्तपत्राचे मोल काय असते हे आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभविलेले आहे. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच ती कोंडी फुटली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्याच औसा तालुक्यातील किल्लारी भूकंपाने जमीनदोस्त झाली व या परिसरात सुमारे दहा हजार माणसे दगावली. तेव्हा वृत्तपत्रे, आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांनी आपला आक्रोश देशभर पोचविला, आणि ज्यांनी औशाचे नावही ऐकले नव्हते त्यांच्याकडून मदतीचा ओघ आला. छापलेल्या व सांगितलेल्या शब्दाचे सामर्थ्य आपण असे दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

आज तर छापखानाच प्रत्येकाच्या खिशात आला आहे. भ्रमणध्वनीवरून क्षणार्धात हजारो लोकांस मजकूर जातो. नारायणरावांना जे साधन मिळविण्यासाठी कर्ज, कष्ट व अपमान सोसावे लागले ते आपणांस विनासायास लाभले आहे. पण त्या साधनातून आपण काय पाठवितो? १८९३ साली ज्या जातीच्या अफवा विझविण्यासाठी ते गल्लोगल्ली फिरले, त्याच जातीच्या अफवा खातरजमा न करता आपणच पुढे ढकलीत नाही ना? आणि ही आपली स्मरणिका! वधूवरांची यादी, गुणवंतांची छायाचित्रे व जाहिराती यांस आमचा विरोध नाही, त्याही हव्यात. परंतु नारायणराव माळी घरात जन्मले तरी त्यांचे पत्र एका जातीचे राहिले नाही. ते सर्व दीनांचे बंधु झाले. म्हणूनच आज आपण त्यांस अभिमानाने आपले म्हणू शकतो. केवळ आपले म्हणून जगले असते, तर आपणही त्यांस विसरलो असतो.

म्हणून आमची समाजबंधुभगिनींस नम्र सूचना आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत निदान चार पाने गाऱ्हाण्यांसाठी राखून ठेवावीत. आपल्या तालुक्यातील शेतमजूर, ऊसतोडीस जाणारी कुटुंबे, दुकानांत आठवड्याचे सातही दिवस राबणारी पोरे यांची, मग ती कोणत्याही जातीची असोत, खरी व पडताळून पाहिलेली हकीकत त्यांत यावी. रावबहादुरांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्यांचे पत्र चालविणे कठीण आहे. आपला संघ हे कठीण काम पत्करील, अशी आशा बाळगून व त्या दीनबंधूस विनम्र अभिवादन करून आम्ही ही लेखणी ठेवतो.