निवडणुकीला उभी राहिलेली मंगळूरची लेक

कमलादेवी चट्टोपाध्याय हे नाव घेतले की आपल्याला हातमाग आणि हस्तकला आठवतात. ते योग्यच आहे. पण यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्यांच्या आयुष्यातली दुसरी बाजू निवडली आहे. बायकांनी निवडणूक लढवावी, चारचौघांत काम करावे, यासाठी कमलादेवींनी आधी स्वतः पाऊल टाकले आणि मग इतरांना तयार केले.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे धारेश्वर या सारस्वत घराण्यात झाला. वडील अनंतय्या मोठ्या सरकारी हुद्द्यावर होते. न्यायमूर्ती रानडे, गोखले, रमाबाई रानडे अशा मंडळींशी घराचा स्नेह होता. आई गिरिजाबाई वाचनाची आवड असलेल्या, करारी बाई. कमलादेवी सात वर्षांच्या असताना वडील वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते, त्यामुळे इस्टेट सावत्र मुलाकडे गेली आणि पत्नी व मुलीच्या वाट्याला पोटगी तेवढी आली. गिरिजाबाईंनी ती नाकारली आणि माहेरहून मिळालेल्या स्त्रीधनावर मुलीला वाढवले. कायद्यापुढे बाईची किंमत काय, हे कमलादेवींना शाळकरी वयातच घरात कळले.

चौदाव्या वर्षी लग्न झाले आणि दोनेक वर्षांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघरात संपायचे. कमलादेवी मात्र शिकायला मद्रासला गेल्या. पुढे सरोजिनी नायडूंचे धाकटे बंधू, हैदराबादचे कवी हरिंद्रनाथ यांच्याशी त्यांनी पुनर्विवाह केला. जातीबाहेरचा हा विधवाविवाह म्हणजे केवढे धाडस होते, ते जुन्या घरांतल्या वाचकांना सांगायला नको.

लंडनमध्ये शिकत असताना असहकाराच्या चळवळीची बातमी ऐकून त्या मायदेशी परतल्या. त्याच सुमारास, १९२३ साली, डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हुबळी हे केंद्र ठेवून हिंदुस्थानी सेवा दल उभे केले होते. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आपल्या बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा या दलाचे स्वयंसेवक राबत होते. याच दलाच्या महिला विभागाची धुरा कमलादेवींकडे आली. प्रांतोप्रांतीच्या, निरनिराळ्या वयांच्या मुली आणि बायका गोळा करायच्या, त्यांना शिस्त आणि कवायत शिकवायची, कामाची वाटणी करून द्यायची, असे ते काम होते. घराचा उंबरा ओलांडून अनोळखी माणसांशी बोलायचीही सवय नसलेल्या बाईला हे शिक्षण फार मोलाचे होते.

मग आले १९२६ साल. मद्रास इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार १९२१ सालीच मिळाला होता, पण उमेदवारीची वाट आता खुली झाली. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाई अखिल भारतीय पातळीवर स्त्रियांच्या हक्कांसाठी झटत होत्या. त्यांच्या आग्रहावरून तेवीस वर्षांच्या कमलादेवी मंगळूरहून कायदेमंडळासाठी उभ्या राहिल्या. प्रचाराला हाती मोजके दिवस. शिवाय त्या काळी मत मालमत्तेवर आणि सरकारात भरलेल्या करावर ठरे. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिला मतही नाही. गिरिजाबाईंच्या वाट्याला आलेला अन्याय असा मतदारयादीपर्यंत पोहोचलेला होता. कमलादेवी थोडक्या मतांनी पडल्या, तरीही बाई उमेदवार असू शकते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

हरल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड होत्या. परिषदेच्या संघटनेची जबाबदारी कमलादेवींनी उचलली आणि ठिकठिकाणी फिरून शाखा जोडल्या. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा स्त्रिया एका व्यासपीठावर आल्या. त्यांत सुखवस्तू घरांतल्या जास्त होत्या, हे खरे. पण सभा चालवणे, ठराव मांडणे, विरोधी मत ऐकून घेणे हे राजकारणाचे मुळाक्षर त्या तिथेच गिरवू लागल्या.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात बायकांनाही घ्यावे, असा आग्रह त्यांनी थेट गांधीजींकडे धरला. मुंबईत कायदा मोडणाऱ्या पहिल्या तुकडीत त्या आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. मग तुरुंगवास झाला. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांसाठी फरीदाबादची वसाहत, सहकारी संस्था आणि पुढे हस्तकला मंडळ हे त्यांचे क्षेत्र झाले. १९६६ साली मॅगसेसे पुरस्कार आणि १९८७ साली पद्मविभूषण मिळाले. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरकारी नोकरीमुळे आम्हांला निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. अर्ज भरायला उमेदवार बाई येते आणि प्रश्न तिला विचारला तरी उत्तर शेजारी उभा असलेला नवरा देतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्यात बाईचा दोष नाही. कायद्याने तिला खुर्ची दिली, पण त्या खुर्चीत बसून बोलायची सवय तिला कुणी लावलीच नाही. कमलादेवींनी ती सवय आधी लावायला घेतली होती.

आणि दूर कशाला जावे? आपल्या उत्सवात हळदीकुंकू, प्रसाद, रांगोळी, मुलांचे कार्यक्रम हे सगळे बायकांच्या जिवावर पार पडते. हिशेबाची वही आणि कार्यकारिणीच्या बैठका मात्र आम्हा पुरुषांकडेच राहतात. पुढच्या वर्षी ती वही एखाद्या वहिनींच्या हाती द्यावी आणि चुकल्या तर आमच्यासारख्यांनी सांभाळून घ्यावे. उद्या त्यांच्यातलीच कुणी वॉर्डातून उभी राहिली, तर उत्तर द्यायला तिला शेजारी कुणी लागणार नाही.