बीथोवनच्या केसांनी डॉक्टरांना काय सांगितलं?

ऑक्टोबर 1802. व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात 31 वर्षांचा एक संगीतकार आपल्या दोन भावांना पत्र लिहायला बसला. त्याचे कान जात होते. ऐकू येत नाही हे लोकांना सांगायची लाज वाटत होती, जीव द्यावासाही वाटून गेलं होतं. पण डोक्यातलं संगीत अजून कागदावर उतरायचं होतं, म्हणून तो थांबला, असा त्या पत्राचा मथितार्थ. त्यात एक विनंतीही होती. आपण गेल्यावर डॉक्टर श्मिट हयात असतील तर त्यांनी आपल्या आजाराची हकीकत लिहावी आणि ती या पत्रासोबत लोकांसमोर ठेवावी.

हे पत्र लुडविग व्हॅन बीथोवनने कधी पाठवलंच नाही. 1827 साली तो गेल्यावर ते त्याच्या कागदपत्रांत सापडलं. तोवर डॉक्टर श्मिटना जाऊन 18 वर्षं झाली होती.

बीथोवनचा जन्म जर्मनीतल्या बॉन शहरातला. 17 डिसेंबर 1770 रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला, एवढी नोंद आहे. आजोबा बॉनच्या दरबारात संगीतप्रमुख होते, वडील योहान तिथेच गायक. योहानला मुलात दुसरा मोझार्ट दिसत होता. मार्च 1778 मध्ये कोलोनच्या कार्यक्रमात त्याने सात वर्षांच्या मुलाचं वय सहा सांगून त्याला मंचावर बसवलं. पुढे योहान दारूत बुडाला. आजीलाही दारूचं व्यसन होतं. 1787 मध्ये आई क्षयाने गेली आणि विशी गाठायच्या आत दोन धाकट्या भावांची जबाबदारी याच्यावर येऊन पडली. (यकृताच्या तज्ज्ञाने आज घराण्याचा इतिहास विचारला असता, तर पहिल्या पाच मिनिटांतच त्याच्या भुवया उंचावल्या असत्या.)

1792 च्या नोव्हेंबरमध्ये तो हायडनकडे शिकायला व्हिएन्नाला गेला आणि कायमचा तिथलाच झाला. पियानोवादक म्हणून त्याचं नाव झालं. पंचविशी ओलांडली आणि कानात आवाज घुमू लागले. आधी वरचे सूर ऐकू येईनासे झाले, मग लांबून बोललेलं. पोटाचं दुखणं तर त्याआधीपासूनच होतं, कळा आणि जुलाब पाठ सोडत नव्हते. डॉक्टरांनी कानात बदामाचं तेल घालून पाहिलं, डॅन्यूब नदीच्या कोमट पाण्याने अंघोळी घालून पाहिल्या, हातांवर एका झुडपाची फोड आणणारी साल बांधून पाहिली. कानांना कशाचाच उपयोग झाला नाही.

नंतरची कहाणी बहुतेकांना माहीत आहे. 1808 मध्ये पाचवी सिंफनी लोकांसमोर आली. 1814 नंतर त्याने लोकांसमोर पियानो वाजवणं जवळजवळ बंदच केलं. 1818 पासून भेटायला आलेली माणसं वहीत लिहून बोलू लागली. 7 मे 1824 रोजी नववी सिंफनी संपली तेव्हा तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता. गायिका कॅरोलीन उंगर हिने त्याला वळवलं, तेव्हा कुठे त्याला टाळ्या दिसल्या.

लोक कानांबद्दल बोलतात, पण बीथोवनला मारलं ते यकृताने. 1821 मध्ये त्याला कावीळ झाली. 1826 च्या डिसेंबरात तो भावाच्या गावाहून कडाक्याच्या थंडीत उघड्या गाडीतून व्हिएन्नाला परतला आणि अंथरुणाला खिळला. पोटात पाणी साठत होतं. दोन-अडीच महिन्यांत चार वेळा पोटाला छिद्र पाडून ते काढावं लागलं. 26 मार्च 1827 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी तो गेला. दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं. यकृत निम्म्याने आक्रसलेलं आणि गाठीगाठींनी भरलेलं होतं. सिरॉसिसचं हे चित्र आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ओळखता येईल.

आता केसांकडे येऊ. त्या काळी प्रिय माणसाच्या केसांची बट आठवण म्हणून जपून ठेवायची रीत होती. बीथोवनचे इतके केस कापले गेले की अंत्ययात्रेआधी डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं. या बटा घराघरांतून, लिलावांतून फिरत राहिल्या. त्यातली सर्वांत प्रसिद्ध बट 15 वर्षांच्या फर्डिनांड हिलर याने कापली, असं मानलं जाई. 1994 मध्ये ती लिलावात विकली गेली. तपासणीत तिच्यात भरपूर शिसं सापडलं आणि बीथोवनला शिशाची विषबाधा झाली होती, असं जगभर छापून आलं. त्यावर पुस्तकही निघालं.

मार्च 2023 मध्ये केंब्रिजचे ट्रिस्टन बेग, लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतले योहानेस क्राउझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीथोवनचा जीनोम जाहीर केला. जीनोम म्हणजे आपल्या पेशीतला सगळा डीएनए, साधारण 300 कोटी अक्षरांचा मजकूर. कापलेल्या केसात मूळ नसतं, त्यामुळे डीएनए अगदी थोडा आणि तुकड्यातुकड्यांत मिळतो. त्यासाठी या मंडळींनी जवळजवळ तीन मीटर केस वापरले. त्यांनी आठ बटा तपासल्या. त्यातल्या पाच एकाच पुरुषाच्या निघाल्या आणि त्या कुठून कुठे गेल्या याच्या नोंदीही जुळल्या. सर्वांत चांगल्या बटेतलं प्रत्येक अक्षर सरासरी 24 वेळा वाचता आलं. आज रुग्णाच्या रक्तातून जीनोम वाचताना साधारण 30 वेळा वाचतात. दोनशे वर्षं जुन्या केसांच्या मानाने हे फारच चांगलं.

आणि हिलरची ती बट? ती एका स्त्रीची निघाली. शिशाचा सगळा डोलारा तिथेच कोसळला. नमुना नक्की कोणाचा, हा प्रश्न इस्पितळाच्या प्रयोगशाळेतही सगळ्यात आधी विचारावा लागतो. नळीवरचं नाव चुकलं तर पुढचं सगळं अचूक विज्ञान दुसऱ्याच कोणाबद्दल तरी बोलत राहतं.

संशोधकांनी कानांपासून सुरुवात केली. एकाच जनुकातल्या बिघाडाने बहिरेपण यावं अशी कितीतरी जनुकं आज माहीत आहेत. बीथोवनमध्ये तसा बिघाड सापडला नाही. याचा अर्थ बहिरेपण आनुवंशिक नव्हतं असा मात्र होत नाही. ओटोस्क्लेरोसिससारख्या कानाच्या आजारांमागची जनुकं आपल्याला पुरती कळलेली नाहीत आणि तुटक्या डीएनएत काही भाग वाचताच येत नाहीत. आज आपल्या मुलाच्या आजारासाठी जीनोम तपासणी करून घेणाऱ्या कितीतरी आईवडिलांच्या हाती असाच अहवाल येतो. काही सापडलं नाही याचा अर्थ काही नाही असा नसतो, हे अशा वेळी डॉक्टरने त्यांना बसवून समजावून सांगायला हवं.

यकृताबद्दल मात्र केस बोलले. पीएनपीएलए3 नावाच्या जनुकाचं यकृताला घातक असलेलं रूप बीथोवनला आई आणि वडील दोघांकडूनही मिळालं होतं. शरीरात लोह साठवणाऱ्या आजाराशी संबंधित एचएफई जनुकातही दोन बदल होते. हे बदल असलेली बरीच माणसं धडधाकट जगतात. पण त्यात दारू मिसळली की चित्र पालटतं, आणि बीथोवन जेवणासोबत नेमाने वाइन घेत असे. याहून मोठा शोध असा, की केसांत हिपॅटायटिस बी विषाणूचाही डीएनए सापडला. मृत्यूच्या निदान काही महिने आधी तो विषाणू त्याच्या शरीरात होता. लागण कधी झाली, बाळंतपणात आईकडून की नंतर, हे केसांवरून ठरत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. बीथोवन आज पोटाच्या डॉक्टरकडे गेला असता तर जीनोमपर्यंत जायची वेळच आली नसती. हिपॅटायटिस बी साध्या रक्ततपासणीत कळतो, तो आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या आहेत आणि तो होऊच नये म्हणून जन्मल्याबरोबर लस देतात. जीनोम वाचनाची खरी गरज असते ती अशा बाळाला, ज्याचा आजार नेहमीच्या तपासण्यांत सापडतच नाही.

या कामातून न शोधलेली एक गोष्टही हाती आली. बेल्जियममध्ये व्हॅन बीथोवन आडनावाची माणसं आहेत. कागदोपत्री त्यांचा आणि संगीतकाराचा पूर्वज एकच, सोळाव्या शतकातला आर्ट व्हॅन बीथोवन. त्यातल्या पाच जणांनी नमुने दिले. वडिलांकडून मुलाकडे जाणारं त्यांचं वाय गुणसूत्र आपसांत जुळलं, बीथोवनशी मात्र जुळलं नाही. म्हणजे आर्टचा मुलगा पोटात असताना, 1572 च्या सुमारापासून ते 1770 पर्यंत, संगीतकाराच्या शाखेत कुठल्या तरी पिढीत मूल नवऱ्यापासून झालेलं नव्हतं. आज आई, वडील आणि मूल तिघांचे जीनोम एकत्र वाचले जातात तेव्हा हेच उघडं पडू शकतं. म्हणून असं काही निघालं तर ते सांगायचं की नाही, हे नमुना घेण्याआधीच ठरवून संमतीपत्रावर लिहावं लागतं.

बीथोवनचा जीनोम इतर संशोधकांसाठी खुला आहे. 2024 मध्ये काही जणांनी त्यावरून ताल धरण्याच्या उपजत क्षमतेचा गुणांक काढला. लहानमोठ्या हजारो जनुकीय फरकांची बेरीज करून असे गुणांक काढतात आणि मधुमेह, हृदयविकाराचा धोका सांगायलाही ते वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. या मोजणीत बीथोवन तळाच्या दहा टक्क्यांच्या आसपास निघाला. संशोधकांनी ते मुद्दामच छापलं होतं, एका माणसाबद्दल असा आकडा किती कमी सांगतो हे दाखवायला.

शिशाचं प्रकरणही तिथे मिटलं नाही. मे 2024 मध्ये खऱ्या ठरलेल्या दोन बटांची तपासणी जाहीर झाली. एका ग्रॅम केसात शिसं 4 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असायला हवं. या बटांत ते 258 आणि 380 होतं. त्या काळी वाइन गोड करायला शिशाचा क्षार घालत. एवढ्या शिशाने एकट्याने जीव गेला नसता, पण पोटाचा त्रास आणि कानांचं नुकसान यात त्याचा हात असू शकतो, असं तपासणाऱ्यांचं मत पडलं. जीनोममध्ये शिसं दिसत नाही. शवविच्छेदनाच्या वेळी कानांची हाडं पुढच्या अभ्यासासाठी कापून वेगळी ठेवली होती. ती हरवली.