आल्बर्ट रिश्टर

आल्बर्ट रिश्टर (जन्म: कोलोन, १४ ऑक्टोबर १९१२; मृत्यू: ल्योराख, २ जानेवारी १९४०) हे जर्मन सायकलपटू होते. १९३२ साली त्यांनी स्प्रिंट प्रकारात हौशी गटाचे विश्वविजेतेपद मिळविले. नाझी राजवटीत ज्यू प्रशिक्षकाची साथ न सोडणारे खेळाडू म्हणूनही ते स्मरणात आहेत.

पूर्वायुष्य
रिश्टर यांचा जन्म कोलोनच्या एरेनफेल्ड या कामगारवस्तीत झाला. वडिलांचा प्लास्टरच्या मूर्ती घडविण्याचा व्यवसाय होता. आल्बर्ट तेच काम शिकले. व्हायोलिनही वाजवू लागले. सायकल शर्यतींचा सराव मात्र त्यांनी वडिलांच्या नकळत सुरू केला. कोलोनमधीलच माजी सायकलपटू एर्न्स्ट बेर्लिनर यांनी त्यांचे गुण हेरले आणि त्यांना घडविले. बेर्लिनर ज्यू होते.

कारकीर्द
रोम येथील विश्वविजेतेपदानंतर रिश्टर व्यावसायिक झाले. १९३३ ते १९३९ अशी सलग सात वर्षे ते जर्मनीचे स्प्रिंट विजेते होते. व्यावसायिक विश्वस्पर्धेत त्यांनी अनेकदा पदके मिळविली. बेल्जियमचे येफ शेरेन्स हे त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी आणि जिवलग मित्रही होते.

नाझी राजवटीशी संघर्ष
स्वस्तिकाचे चिन्ह असलेला पोशाख घालण्यास व नाझी पद्धतीने सलामी देण्यास रिश्टर राजी नव्हते. १९३७ मध्ये बेर्लिनर नेदरलँड्सला निघून गेले, तरी रिश्टर यांनी त्यांच्याशी संबंध तोडले नाहीत.

मृत्यू
डिसेंबर १९३९ मध्ये बर्लिनची शर्यत जिंकल्यावर ३१ तारखेला ते रेल्वेने स्वित्झर्लंडकडे निघाले. परदेशी गेलेल्या कोलोनच्या एका ज्यू परिचिताचे १२,७०० मार्क त्यांनी सायकलच्या टायरमध्ये दडविले होते. सीमेवरील वाइल आम ऱ्हाइन येथे झडतीत ही रक्कम सापडली व त्यांना ल्योराखच्या तुरुंगात टाकण्यात आले. २ जानेवारीला भेटीस गेलेल्या भावाला त्यांचा मृतदेहच पाहावा लागला. गळफास घेऊन आत्महत्या, असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले. मात्र ही हत्या असावी, असे व्यापकपणे मानले जाते. बेर्लिनर यांनी युद्धानंतर चौकशीची मागणी केली, परंतु १९६० च्या दशकात ते प्रकरण कोणावरही दोषारोप न होता बंद झाले.

स्मृती
मृत्यूनंतर जर्मन सायकल संघटनेने रिश्टर यांचे नाव आपल्या इतिहासातून पुसण्याचा पवित्रा घेतला होता. पुढे त्यांच्या जन्मगावानेच ते नाव जपले. कोलोनच्या म्युंगर्सडोर्फ भागातील, १९९० च्या दशकात बांधलेली सायकल शर्यतींची धावपट्टी आज 'आल्बर्ट रिश्टर बान' या नावाने ओळखली जाते. २००८ साली जर्मन क्रीडा गौरव दालनात त्यांचा समावेश झाला.