ऐकून घेणारे बाबासाहेब

बाबासाहेबांची भाषणे आपण घरोघरी वाचतो. त्यांच्या सभांना लोटणाऱ्या जनसागराचे वर्णन वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आपण मोठे झालो. पण ज्या महापुरुषाचा शब्द लाखोंनी ऐकला, त्याने स्वतः दिवसचे दिवस बसून इतरांचे ऐकून घेतले, ही गोष्ट त्यांचे चरित्र वाचताना निसटून जाते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, शाळेत वेगळे गोणपाट, पुढे कोलंबिया आणि लंडन, हे तर आपल्या मुलांनाही पाठ आहे. वकिली सुरू केल्यानंतर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. परळच्या दामोदर हॉलमधील कचेरीत गाऱ्हाणी येऊ लागली. बाबासाहेबांचा जीव पुस्तकांत रमणारा. अशा माणसाला माणसांच्या रांगेपुढे बसणे सोपे नसते. शिवाय गाऱ्हाणे कधी क्रमाने येत नाही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या चावडीच्या बाहेर उभे केले, त्याला बोलायची संधी मिळाली की तो आजोबांपासून सुरुवात करतो आणि मुख्य गोष्ट उठता उठता सांगतो. तेवढा वेळ कान जागा ठेवावा लागतो.

नोव्हेंबर १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष स्टार्ट साहेब. डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा यांच्याबरोबर बाबासाहेबही सभासद होते. अन्यायाच्या तक्रारी ऐकण्यासाठी सभासदांनी प्रांत वाटून घेतला. बाबासाहेब आणि त्यांचे एक सहकारी यांच्या वाट्याला दोन्ही खानदेश आले. आपला अक्कलकुव्याचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. सातपुड्यातील भिल्लांसारख्या जमातींचा प्रश्नही याच समितीपुढे होता. म्हणजे आपण आणि आपले डोंगरातले शेजारी, दोघांचेही दुःख एकाच अहवालात यायचे होते. हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

खानदेशचे काम आटोपून १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब मुंबईकडे निघाले. वाटेत ते चाळीसगावला उतरले, कारण धुळे मार्गावरील एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता. ऐकीव माहितीवर काम भागले असते. ते स्वतः गावात गेले, परिस्थिती समजून घेतली आणि पुढच्या गाडीने परतले. लगेच मुंबई गाठण्याचा त्यांचा बेत होता. परंतु चाळीसगावच्या लोकांनी रात्री मुक्कामाचा आग्रह धरला आणि थकलेल्या बाबासाहेबांनी त्यांचेही ऐकले.

स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगा मिळेना. महाराला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. अखेर टांगा भाड्याने घेऊन आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याला हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट नदीत कोसळला. पाय मोडला. टांगा चालवायला अनोळखी हात का आले, हे त्यांना मागाहून चौकशी केल्यावर कळले. इतरांची गाऱ्हाणी टिपायला निघालेल्या माणसाच्या अंगावरच एक गाऱ्हाणे उमटले होते!

मार्च १९३० मध्ये समितीचा अहवाल पूर्ण झाला. त्यानंतर मुंबई सरकारने मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला. नुसती हळहळ व्यक्त करून मोकळे होणारे पुढारी तेव्हाही पुष्कळ होते, आजही आहेत. बाबासाहेबांनी ऐकलेल्या दुःखाची कागदोपत्री मागणी केली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

ही शक्ती सर्वांत जास्त कसाला लागली ती घटना समितीत. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना बाबासाहेब त्या ऐकत बसले. जी पटली ती घेतली, जी पटली नाही ती का नाही, हे समजावून सांगितले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाचे भाषण करताना त्यांनी ज्यांचे नावानिशी आभार मानले, त्यांत कामत, पंजाबराव देशमुख, प्रा. सक्सेना, के. टी. शहा आणि पंडित कुंझरू होते. मसुद्यावर हरकती घेऊन त्यांना ऐकत बसायला लावणारी ही मंडळी.